आधी सांगाडा, मग पत्रा

एसटीच्या लाल गाडीची महाराष्ट्रात कुणालाही ओळख करून द्यावी लागत नाही. १ जून १९४८ रोजी पुणे–अहमदनगर मार्गावर पहिली गाडी सुटली, तेव्हापासून तीन-चार पिढ्या तिच्यातून शाळेला, बाजाराला, लग्नांना आणि दवाखान्याला गेल्या. पण हीच गाडी लहान प्रमाणात, मोजमापाने, घरच्या टेबलावर उभी करायची म्हटली, तर तिचे किट मिळत नाही. एअरफिक्स, रेव्हेल, तामिया यांच्या याद्यांत जर्मन रणगाडे आहेत, ब्रिटिश विमाने आहेत, जपानी मोटारी आहेत, एसटी नाही. ती हवी असेल तर कोऱ्या प्लास्टिक शीटमधून कापून, जोडून, घासून घडवावी लागते. छंद करणारे या कामाला ‘स्क्रॅचबिल्ड’ म्हणतात. अलीकडे दुसरी वाट निघाली आहे: संगणकावर गाडी रेखाटायची आणि थ्रीडी प्रिंटरवर छापून काढायची.

कोणती वाट धरावी, यावर या छंदात जोरदार मतभेद आहेत. ते येथे दोन कल्पित माणसांच्या तोंडी मांडतो. मामा आयटीआयमध्ये पत्राकाम शिकवून निवृत्त झाले आहेत. भाची प्रॉडक्ट डिझायनर आहे, तिच्या घरी प्रिंटर आहे. पात्रे कल्पित असली तरी त्यांचे मुद्दे खरे आहेत.

भाची : मामा, सरळच विचारते. प्रिंटर असताना सुरी, पट्टी आणि पांढरी शीट घेऊन महिनोन्‌महिने का बसायचं? मी एकदा खिडकी रेखाटली की तिच्या दहा प्रती हुबेहूब निघतात. तुम्ही दहा वेळा कापणार, आणि दहावी पहिलीसारखी असेलच असं नाही.

मामा : खिडकी किती सारखी कापली गेली, हा प्रश्न नंतरचा. मी आधी विचारतो, खिडकी म्हणजे काय? तुझ्या पडद्यावर ती एका भिंतीला पाडलेलं भोक आहे. खऱ्या गाडीत तसं भोक कुणी पाडत नाही. कंपनीकडून उघडी चासी येते. दापोडी, चिकलठाणा, हिंगणा इथल्या एसटीच्या मध्यवर्ती कार्यशाळांत तिच्यावर बॉडी बांधतात. आधी चासीवर आडवे क्रॉस बेअरर, त्यांच्यावर तळ. बाजूला उभे पिलर. खिडकीच्या खालून जाणारी वेस्ट रेल, वरून जाणारी कँट रेल. मग छपराच्या कमानी. हा सगळा सांगाडा उभा राहिला की मग पत्रा. खिडकी ही दोन पिलर आणि दोन रेल यांच्यामध्ये उरलेली जागा आहे. शीटमध्ये काम करणाऱ्याला हे पहिल्याच आठवड्यात कळतं.

भाची : कसं कळतं? शीट तर सपाटच असते. तीही भिंतच.

मामा : एकदा भोकं पाडून बघ. एक मिलिमीटर जाडीच्या शीटवर ओळीने खिडक्या आखायच्या, प्रत्येकीच्या चार कोपऱ्यांत बारीक ड्रिल मारायचं, मग कोपरा ते कोपरा सुरी फिरवायची. मधले पिलर चार-पाच मिलिमीटरचे उरतात. ते कापताना वाकतात, एखादा तुटतो, ओळ वरखाली होते. मग हात आपोआप दुसऱ्या पद्धतीकडे वळतो. लांब अखंड पट्टी खाली, तशीच एक वर, आणि मध्ये एकाच लांबीचे कापलेले पिलर. सगळे पिलर एकत्र धरून त्यांची टोकं एकाच वेळी घासायची, म्हणजे उंचीत केसाचाही फरक राहत नाही. खालची पट्टी म्हणजे वेस्ट रेल, वरची म्हणजे कँट रेल. ज्या क्रमाने कार्यशाळेतला कारागीर गाडी बांधतो, त्याच क्रमाने टेबलावरचं काम सोपं होतं. हे मला पुस्तकाने शिकवलेलं नाही, साहित्याने भाग पाडलं म्हणून कळलं.

भाची : मान्य, मुद्दा चांगला आहे. पण तो साहित्याचा नाही, विचार करण्याच्या पद्धतीचा आहे. मीही संगणकात पिलर वेगळे, रेल वेगळ्या रेखाटू शकते. उलट माझ्याकडे एक सोय जास्त आहे. दोन पिलरमधलं अंतर मी एक आकडा म्हणून ठेवते. उद्या कळलं की ते दहा मिलिमीटरने चुकलंय, तर एक आकडा बदलायचा, सगळी बाजू आपोआप सरकते. तुम्हाला पूर्ण बाजू फेकून द्यावी लागेल.

मामा : रेखाटू शकतेस, पण रेखाटावं लागतंच असं नाही. संगणक तुला भोक पाडू देतो आणि काही तक्रार करत नाही. शीट तक्रार करते. शिकणाऱ्याला तक्रार करणारं साहित्य हवं.

भाची : आणि चुकांचं काय? समजा एका बाजूला आठ खिडक्या आहेत आणि प्रत्येक जागी अर्धा मिलिमीटर जास्त गेला. शेवटच्या खिडकीला पोचेपर्यंत चार मिलिमीटर. एकास चोवीस प्रमाणात ते खऱ्या गाडीवर शहाण्णव मिलिमीटर होतात, जवळजवळ दहा सेंटिमीटर. मागचं चाक कमानीच्या बाहेर गेलं समजा.

मामा : म्हणून तर एका मापाला दुसरं माप जोडत जायचं नसतं. पुढच्या टोकाला एक शून्यरेषा आखायची आणि प्रत्येक पिलरचं अंतर तिथूनच मोजायचं. पहिल्या पिलरची चूक पहिल्याजवळच राहते, आठव्यापर्यंत जात नाही. पत्राकामाच्या वर्गात पहिल्या महिन्यात हेच शिकवतात. गाडी मोजतानाही तेच. पट्टा पुढच्या बंपरला एकदा लावायचा आणि शेवटपर्यंत उचलायचा नाही.

भाची : मी तरी वेगळं काय करते? माझ्या रेखाटनातही सगळी मापं एका मूळ बिंदूपासूनच असतात. म्हणजे इथे आपलं भांडण नाही.

मामा : इथे नाही. भांडण पुढे आहे, जाडीवरून. सांग, एक मिलिमीटरची शीट चोवीसपट केली तर भिंत किती जाड होते?

भाची : चोवीस मिलिमीटर.

मामा : आणि खऱ्या गाडीचा अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा सव्वा-दीड मिलिमीटरच्या आसपास असतो. एकास चोवीसमध्ये तो वहीच्या कागदाहून पातळ व्हायला हवा. तेवढी पातळ शीट उभीच राहणार नाही. मग काय करायचं? जाडी जिथे दिसते तिथे ती लपवायची. खिडकीच्या कडा आतून तिरप्या घासायच्या, म्हणजे बाहेरून बघणाऱ्याला कड पातळ दिसते. दाराची चौकट, चाकाची कमान, पायरीची कड, सगळीकडे हेच. भक्कमपणा आत, नाजूकपणा कडेला. मोठी वस्तू चोवीसपट लहान केली की सगळंच चोवीसपट लहान होत नाही, हे कागदावर कळणं वेगळं आणि कानस हातात धरून कळणं वेगळं.

भाची : प्रिंटरलाही ही मर्यादा आहेच. तारेचा प्रिंटर साधारण ०.४ मिलिमीटरच्या तोटीतून प्लास्टिक सोडतो, त्याहून पातळ भिंत भरवशाची नसते. रेझिनचा प्रिंटर ०.०५ मिलिमीटरचे थर देतो, तपशील फार सुरेख येतो, पण लांब पातळ पट्टा छापला की तो सुकताना वाकतो. आणि बस बारा मीटर लांब धरा. म्हणजे एकास चोवीसमध्ये अर्धा मीटर. घरगुती प्रिंटरचा पाट बहुधा त्याच्या निम्माच. तुकडे पाडावे लागतात आणि सांधे शेवटी हातानेच भरावे लागतात. हे मी लपवत नाही.

मामा : मग बाजू शीटच्याच कर. लांब, सरळ आणि सपाट, हे शीटचं राज्य आहे. शीट कापावीही लागत नाही. पोलादी पट्टी धरून धारदार सुरीने दोन-तीन हलक्या रेघा मारायच्या आणि रेघेच्या विरुद्ध बाजूला वाकवायची. कट्‌कन तुटते, आणि काच कापल्यासारखी सरळ धार मिळते. रेघेच्या दोन्ही काठांना बारीक वरंबा उठतो, तो सुरीची धार उभी धरून खरवडायचा. बस.

भाची : आणि चिकटवायचं? मला फेविक्विकचे पांढरे डाग आठवतात.

मामा : ते इथे नकोच. ही शीट पॉलिस्टायरीनची असते. तिच्यासाठी पातळ द्रावक मिळतो. तामियाच्या हिरव्या झाकणाच्या बाटलीत ब्युटाइल अ‍ॅसिटेट आणि अ‍ॅसिटोन असतं. दोन तुकडे आधी कोरडेच जुळवायचे, गुण्याने काटकोन तपासायचा, मग सांध्याच्या एका टोकाला ब्रशने थेंब टेकवायचा. द्रव स्वतःच सांध्यात शिरत जातो. दोन्ही पृष्ठभाग क्षणभर विरघळतात, एकमेकांत मिसळतात, द्रावक उडून गेला की सांधा उरत नाही. तिथे एकच प्लास्टिक असतं. सांध्यावर तोडायला गेलीस तर कधी कधी शेजारची शीट आधी तुटते. खिडकी उघडी ठेवून काम करायचं एवढंच. अ‍ॅक्रिलिकवाल्यांकडचं क्लोरोफॉर्म घरात आणायचं नाही. ते चिकटवतं चांगलं, पण श्वासातून शरीराला घातक आहे.

भाची : हे मात्र प्रिंटच्या बाजूने बोलणाऱ्यांनीही ऐकायला हवं. न सुकलेलं रेझिन कातडीला लागू द्यायचं नसतं, हातमोजे लागतात, छापलेला भाग आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये धुवावा लागतो, अतिनील प्रकाशात पक्का करावा लागतो. घरात लहान मूल असेल तर शीट जास्त सुरक्षित आहे, कबूल. पण शीटची एक गोष्ट तुम्ही सांगितली नाहीत. ती एकाच दिशेने वळते. छप्पर होईल, कारण ते फक्त आडवं गोल आहे. पण गाडीचं तोंड? समोरचा भाग आडवाही वळतो आणि उभाही. कागद चेंडूवर बसत नाही, तशी शीट त्या आकारावर बसणार नाही.

मामा : बसत नाही, खरं आहे. छप्पर सोपं आहे. कमानी कापून रांगेत उभ्या करायच्या, वरून अर्ध्या मिलिमीटरची शीट पांघरायची. त्याआधी ती शीट पाइपाला गुंडाळून, पट्टीने बांधून उकळत्या पाण्यात धरायची आणि मग थंड पाण्यात. पॉलिस्टायरीन शंभर अंशांच्या आसपास मऊ पडतं, पाण्याच्या उकळीला वळण धरतं. पण तोंडासाठी लाकडाचा ठोकळा कोरावा लागतो आणि तापवलेली शीट त्याच्यावर ताणावी लागते. किंवा शीटचे थर एकावर एक चिकटवून घट्ट ठोकळा करायचा आणि कानसेने आकार काढायचा. दोन्ही जमतं. पण तू म्हणत असशील की तोंड प्रिंटरवर छापा, तर मी हरकत घेणार नाही.

भाची : मग आसनंही. चाळीसच्या वर आसनं, प्रत्येकाला पाठ, बैठक, मागे धरायची दांडी. तुम्ही ती एकेक करून बसणार?

मामा : नाही. एक करायचं, सिलिकॉन रबराचा साचा घ्यायचा आणि रेझिन ओतून बाकीची काढायची. हा साच्याचा जुनाच मार्ग. पण तुझा प्रिंटर तेच काम अधिक स्वच्छ करेल. चाकंही त्यानेच करावीत. जी वस्तू खऱ्या कारखान्यातही साच्यातून निघते, ती छापण्यात मला काही कमीपणा वाटत नाही. आसन साच्यातलं आहे, चाक साच्यातलं आहे. बाजू हातची आहे. एवढा फरक मॉडेलमध्ये राहिला तर ते जास्त खरं ठरेल.

भाची : आता मी तुमच्या मुख्य मुद्द्यावर येते. तुम्ही म्हणता शीटमुळे बांधणी कळते. पण मी पाहिलेली बहुतेक शीटची मॉडेलं आतून नुसता खोका असतात. तळ, दोन बाजू, पुढचं, मागचं, छप्पर. मध्ये दोन-चार आडव्या भिंती, बाजू आत येऊ नयेत म्हणून. क्रॉस बेअरर नाही, पिलरला आधार नाही. मग बांधणी कुठे कळली?

मामा : प्रश्न रास्त आहे. मी सगळा सांगाडा करत नाही, करूही नये; अर्धा दिसणारच नाही. पण काय गाळायचं हे ठरवायला तरी काय आहे ते माहीत हवं. मी बाजूच्या आतल्या शीटवर पिलर जिथे आहेत तिथेच आधाराच्या पट्ट्या देतो. का? कारण बाहेरच्या पत्र्याचे सांधे पिलरवरच येतात, त्यांच्यावर बीडिंगची पट्टी येते, आणि रिव्हेटची ओळ त्याच पिलरमध्ये घुसलेली असते. पिलर एका जागी आणि रिव्हेट दुसऱ्या जागी असं मॉडेल जाणकाराला लगेच खटकतं, त्याला कारण सांगता आलं नाही तरी. बाहेरून जे दिसतं ते आतल्याची खूण असते.

भाची : रिव्हेटवर तर तुम्ही माझ्यापुढे हराल. दहा मिलिमीटरचं डोकं एकास चोवीसमध्ये ०.४ मिलिमीटर होतं. मी एक रेखाटते, ओळीत पसरवते, सगळे सारखे. तुमचे हाताचे एकसारखे येणारच नाहीत.

मामा : पाव मिलिमीटरची शीट पालथी घालायची आणि दातेरी चाक पट्टीच्या कडेने फिरवायचं. शिंप्याकडे खुणा करायचं चाक असतं ते चालतं, किंवा जुन्या घड्याळाचं. दोन दात्यांमधलं अंतर मोजायचं, त्याला चोवीसने गुणायचं, आणि ते खऱ्या गाडीवरच्या रिव्हेटच्या अंतराशी जुळतं का बघायचं. शीट उलटली की ओळीने उठाव दिसतात. तुझ्याइतके सारखे नसतात. पण जुन्या अ‍ॅल्युमिनियमच्या बॉडीकडे उन्हात तिरप्या नजरेने बघ. दोन रिव्हेटच्या मधला पत्रा थोडा आत असतो, थोडा बाहेर. ती बॉडी माणसांनी हाताने बांधलेली आहे. आरशासारखी सपाट बाजू छापलीस तर ती एसटीची राहत नाही.

भाची : इथे मी अजिबात सहमत नाही. तुमच्या शीटला आलेली लहर द्रावकाने आलेली असते. ती कुठे येईल यावर तुमचा ताबा नसतो. योगायोगाने खरं दिसणं म्हणजे खरं असणं नव्हे. पत्रा किती आत गेलाय ते मोजा, मी तेवढीच लहर रेखाटते. तेच जास्त प्रामाणिक.

मामा : मोजलंस तर मी तुझ्या बाजूने. पण मोजतं कोण?

भाची : हाच माझा तुमच्याबद्दलचा आक्षेप आहे, मामा. तुम्ही मोजता. पट्टा घेऊन डेपोत परवानगी काढून जाता, गाडीखाली बघता, वही भरता. मग ती वही तुमच्या कपाटात राहते. मॉडेल तुमच्या काचेच्या पेटीत राहतं. तुमच्यानंतर कुणाला एसटी करायची झाली तर तो पुन्हा शून्यापासून सुरुवात करणार. माझी फाइल मी पाठवली तर नंदुरबारच्या आणि सावंतवाडीच्या मुलाला त्याच दिवशी मिळते. ज्ञान एका हातातच राहत असेल तर त्याचा समाजाला उपयोग किती?

मामा : फाइल मिळाली म्हणजे त्याला गाडी कळली का?

भाची : पूर्ण नाही. पण मापं मिळाली. तीच आज मिळत नाहीत. ब्रिटनच्या जेराल्ड विंगरोव्ह यांनी धातू-लाकडापासून मोटारींची अप्रतिम लहान रूपं घडवली, आणि ती कशी घडवली हे पुस्तकांत लिहूनही ठेवलं. म्हणून त्यांची पद्धत त्यांच्या कपाटात राहिली नाही. आपल्याकडे हात आहेत, लेखन नाही.

मामा : हे मी मान्य करतो, आणि मनापासून करतो. आकृती सगळ्यांसाठी असावी. एकास चोवीसमध्ये, एका कागदावर, मापं लिहिलेली. ती बघून कुणी शीट कापेल, कुणी पुठ्ठा कापेल, कुणी छापेल. आपल्या राज्यात कितीतरी मुलं पुठ्ठा, फोम शीट, सनबोर्ड वापरून एसटी करतात. रंग जमतो, पाट्या जमतात, वर ‘बहुजन हिताय, बहुजन सुखाय’ सुद्धा येतं. पण मापाची आकृती हाताशी नसल्याने गाडी आखूड होते नाहीतर उंच. त्यांच्या हातात कसब आहे, फक्त मापं नाहीत.

भाची : आणि प्रमाण कुठलं धरायचं हेही ठरवायला हवं. एकास चोवीसच का?

मामा : मोटारीच्या मॉडेलचं ते रुळलेलं प्रमाण. एक फूट म्हणजे अर्धा इंच, हिशोब सोपा. पण प्रमाण हे काही आकाशातून पडत नाही. आज रणगाड्यांचं जगमान्य प्रमाण एकास पस्तीस आहे. ते कसं आलं? १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला तामियाने पँथर रणगाडा काढला, त्याच्या पोटात मोटर आणि दोन बॅटऱ्या बसवायच्या होत्या. त्या बसतील एवढा तो झाला, आणि मग मोजलं तर एकास पस्तीस निघालं. पुण्यात कोथरूडला जोशींचं मिनिएचर रेल्वेचं संग्रहालय आहे, तिथलं जग एकास सत्त्याऐंशीचं. तिथे बारा मीटरची बस चौदा सेंटिमीटरची होईल. तिच्यात पिलर दाखवता येतील, बीडिंग जेमतेम. तुला काय दाखवायचंय त्यावर प्रमाण ठरतं.

भाची : मग आता थेट प्रश्न. तेरा-चौदा वर्षांची मुलगी आली आणि म्हणाली, मला एसटी करायचीय. तिला पहिल्यांदा काय द्यायचं? शीट की संगणक?

मामा : शीट, पोलादी पट्टी, सुरी, गुण्या, चारशे आणि सहाशे नंबरचा पॉलिश पेपर. सुरी कशी धरायची ते मी शेजारी बसून शिकवेन. एक बाजू तिच्या हाताने उभी राहू दे. मग ती संगणकावर गेली तरी भोक पाडणार नाही, पिलर उभे करेल.

भाची : मी तिला आधी मोजपट्टी आणि वही देईन. डेपोत घेऊन जाईन. बाजूचा फोटो लांबून, झूम करून काढायला लावीन, कारण जवळून काढला की मधला भाग फुगतो आणि टोकं लहान दिसतात. फोटोत एक माप माहीत असलेली वस्तू ठेवायला लावीन. ती घरी येऊन बाजू रेखाटेल, आणि मग शीट कापायची की छापायची हे तिने ठरवावं. तुमचा अनुभव हातातून येतो, मान्य. पण हाताच्या आधी डोळा लागतो.

मामा : डोळा आधी, हे मी नाकारत नाही. पण तुझ्या वहीत ती आकडे लिहील, कारण तू सांगितलंस म्हणून. शीट कापल्यावर ती परत डेपोत जाईल, कारण तिला एक माप कमी पडलं म्हणून. त्या दुसऱ्या खेपेत ती खरं बघते.

दोघांचे यापुढे एकमत होत नाही, आणि व्हायलाच हवे असेही नाही. भाचीचे म्हणणे बरेच खरे आहे. वारंवार येणारे सुटे भाग, दोन दिशांनी वळलेले आकार आणि इतरांना देता येईल अशी नोंद, या तिन्ही बाबतींत संगणकाची वाट पुढे आहे. हाताने केले म्हणून काम आपोआप थोर होत नाही. वेळ लागला म्हणून समज वाढली असेही होत नाही.

तरीही मूळ प्रश्नावर माझा कौल मामांकडे आहे. लहान प्रमाणातले मॉडेल म्हणजे मोठ्या वस्तूच्या बाहेरच्या आकाराची नक्कल, एवढेच असेल, तर प्रिंटर पुरेसा आहे. ते त्या वस्तूच्या बांधणीचे वाचन असेल, तर कोऱ्या शीटला पर्याय नाही. कारण शीट तुम्हाला क्रम विचारते. तळ आधी की बाजू आधी, भार कुणावर, सांधा कुठे, हे प्रश्न न सोडवता ती पुढे सरकू देत नाही. आणि हे प्रश्न एकदा सोडवलेला माणूस नंतर कोणतेही साधन वापरो, ते तो नीटच वापरतो. आधी सांगाडा, मग पत्रा: हा क्रम दापोडीच्या कार्यशाळेचा आहे आणि शिकण्याचाही तोच असावा.

हे आत्ताच म्हणायला एक कारण आहे. अ‍ॅल्युमिनियमच्या बॉडीच्या जागी एसटीत पोलादी बॉडीच्या गाड्या आल्या आहेत. कारखान्यात पूर्ण बांधलेल्या गाड्याही महामंडळ घेऊ लागले आहे. एमएच १४, एमएच २०, एमएच ४० या नंबरांवरून गाडी कोणत्या कार्यशाळेत घडली ते ओळखणारी माणसे अजून आहेत, गाड्याही काही आहेत. सेवेतून निघालेली गाडी लिलावात भंगार होऊन जाते आणि तिच्यासोबत तिच्या बांधणीची सगळी मापे जातात. जगातली कोणतीही किट कंपनी ती आपल्यासाठी मोजून ठेवणार नाही.

तेव्हा ज्यांच्या हातात हा छंद आहे त्यांना विनंती आहे. शीट वापरा किंवा प्रिंटर, पण आपल्या जवळच्या डेपोत रीतसर परवानगी घेऊन एक जुनी गाडी पूर्ण मोजा: लांबी, चाकांमधले अंतर, प्रत्येक पिलर, प्रत्येक बीडिंग, रिव्हेटच्या ओळी. आकृती काढा, तिच्यावर मापे लिहा, गाडीचा नंबर आणि तारीख लिहा, आणि ती आकृती इतरांना द्या.